कोनीय वेग आणि स्पर्शरेषीय वेग: मुलं पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यातलं मूल दहावीपर्यंत मराठीत शिकतं आणि पीयूसीला (अकरावी-बारावीला) विज्ञान घेतलं की पुस्तक एकदम इंग्रजी होतं. 'स्पर्शिका' दहावीच्या भूमितीत चांगली ओळखीची झालेली असते. 'टँजन्शियल' हा शब्द समोर आला की तीच स्पर्शिका परकी वाटते, आणि मुलं सूत्रं पाठ करायच्या मागे लागतात. मी संध्याकाळी अशा मुलांना भौतिकशास्त्र शिकवतो. घूर्णन गतीचा, म्हणजे फिरणाऱ्या वस्तूंच्या गतीचा, धडा सुरू झाला की दरवर्षी जवळपास हेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहे. इंग्रजी पुस्तकात शिरण्याआधी गोष्ट आपल्या भाषेत पक्की झाली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

पंखा एकच की सर, मग त्याला दोन-दोन वेग कसले?

पंख्याला वेग एकच आहे, कोनीय वेग, म्हणजे सेकंदाला तो किती कोनातून फिरतो तो. दुसरा, स्पर्शरेषीय वेग, पंख्याचा नसून पात्यावरच्या एकेका जागेचा आहे. हा फरक लक्षात आला की अर्धा धडा झाला.

घरातला नेहमीचा पंखा घेऊ. पात्याच्या टोकापासून समोरच्या टोकापर्यंत १२०० मिलिमीटर, म्हणजे त्रिज्या ०.६ मीटर. मिनिटाला ३५० फेरे. एका फेऱ्यात २ पाय (π) रेडियन (रेडियन हे कोनाचं माप, ते पुढे समजावलं आहे), म्हणून कोनीय वेग सेकंदाला सुमारे ३६.६५ रेडियन. हा आकडा पात्याच्या टोकाला लागू, मधल्या भागाला लागू आणि मोटरजवळच्या स्क्रूलाही लागू, कारण पातं ताठ आहे. टोक एक फेरा मारेल आणि मूळ अर्धाच मारेल, असं होऊ शकत नाही.

आता टोकावर एक मुंगी बसली आहे असं धरा. तिचा वेग ०.६ × ३६.६५ = सेकंदाला २२ मीटर, म्हणजे ताशी जवळपास ७९ किलोमीटर. तीच मुंगी मध्यापासून २० सेंटिमीटरवर बसली तर सेकंदाला ७.३ मीटर, ताशी सव्वीस. पंखा तोच, रेग्युलेटर तिथेच. बदलली ती फक्त मुंगीची जागा.

तीन सूत्रं आहेत ती लक्षात कशी ठेवायची?

तीन नाहीतच. एकच आहे:

चापाची लांबी = त्रिज्या × कोन (थीटा)

त्रिज्या बदलत नाही, म्हणून दोन्ही बाजू वेळेने भागल्या की स्पर्शरेषीय वेग = त्रिज्या × कोनीय वेग (ओमेगा). पुन्हा वेळेच्या हिशेबाने बदल काढला की स्पर्शरेषीय त्वरण = त्रिज्या × कोनीय त्वरण (अल्फा). डावीकडे मीटरवाली राशी, उजवीकडे रेडियनवाली राशी आणि मध्ये नेहमी त्रिज्या. मी मुलांना तीन सूत्रं लिहूच देत नाही. पहिलं लिहायचं आणि बाकीची दोन दर वेळी त्यातून काढायची. आठवडाभर असं केलं की पाठांतराची गरज उरत नाही.

कोन अंशात घेतला तर काय बिघडतं? आम्हाला अंश समजतात, रेडियन समजत नाही.

सूत्रच बिघडतं. चाप = त्रिज्या × कोन हे वाक्य रेडियनसाठीच खरं आहे, कारण रेडियनची व्याख्या त्यातूनच आली. दोरीचा तुकडा चाकाच्या त्रिज्येएवढा कापा आणि तो चाकाच्या धावेवर गुंडाळा. त्या दोरीने मध्यापाशी जो कोन धरला तो १ रेडियन. अंशात मोजला तर सुमारे ५७.३.

३६० हा आकडा माणसाने ठरवला. आपण ४०० ठरवला असता तरी चाललं असतं. रेडियन कोणी ठरवलेला नाही, तो वर्तुळातूनच येतो. म्हणून त्याने गुणलं की मध्ये कुठलाही जास्तीचा आकडा लागत नाही. अंश वापरायचेच असतील तर दर सूत्रात पाय भागिले १८० घेऊन फिरावं लागेल.

मिनिटाचे फेरे दिले असतील तर ०.१०४७ ने गुणा, सेकंदाचे रेडियन मिळतात. तोंडी हिशेबाला ९.५५ ने भागलं तरी तेच. वरच्या पंख्याचे ३५० भागिले ९.५५ करून बघा.

मीटर गुणिले रेडियन प्रति सेकंद, आणि उत्तर मीटर प्रति सेकंद. रेडियन गेला कुठे?

हा प्रश्न विचारणारं मूल मला फार आवडतं, कारण ते एककं खरंच बघत असतं. रेडियन म्हणजे लांबी भागिले लांबी: चाप मीटरमध्ये, त्रिज्या मीटरमध्ये. भागाकारात मीटरला मीटर कटला आणि उरला नुसता आकडा. 'रेडियन' हा शब्द आपण शेजारी लिहितो तो वाचणाऱ्याला अंश किंवा फेरे वाटू नयेत म्हणून. गुणाकार झाल्यावर त्या खुणेचं काम संपतं. पण उत्तर मीटरमध्ये यायच्या ऐवजी चुकून फेऱ्यांमध्ये आलं असेल, तर समजा की कुठेतरी २ पाय राहून गेला.

सारखे फिरणारे सगळे सारखे धावत का नाहीत?

ज्यांच्या घरी अजून बैल आहेत त्यांना हे शिकवावं लागत नाही. खळ्याच्या मधोमध मेढ रोवलेली, तिला बैलांची पात बांधलेली. सगळे एकाच दावणीत, म्हणून फेरा सगळ्यांचा एकदमच पुरा होतो. मेढीजवळचा बैल मध्यापासून १ मीटरवर आणि कडेचा ३ मीटरवर असेल, तर कडेच्याला तेवढ्याच वेळात तिप्पट चालायचं. म्हणून थकलेलं जनावर आत आणि तरणंताठं बाहेर. आजोबांना ओमेगा माहीत नव्हता, पण त्रिज्या त्यांना नेमकी माहीत होती.

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे, त्यामुळे इथल्या पोरांनी परेड कुठे ना कुठे पाहिलेली असते. जवानांची सरळ ओळ वळताना आतल्या टोकाचा जवान जवळजवळ जागच्या जागी पाय आपटतो आणि बाहेरचा लांब ढांगा टाकतो. ओळ मात्र वाकत नाही. न वाकणारी ओळ म्हणजेच दृढ वस्तू. तिचा कोनीय वेग एक आणि प्रत्येक जवानाचा स्पर्शरेषीय वेग आपापल्या अंतराप्रमाणे.

मग पट्ट्याने जोडलेल्या दोन पुलींचं काय? तिथे सूत्र उलटं का चालतं?

सूत्र तेच आहे. काय सारखं राहतं, एवढंच बदललं. एका चाकावरचे दोन बिंदू घेतले तर ओमेगा सारखा. एका पट्ट्यावरच्या दोन पुली घेतल्या तर कडेचा वेग सारखा, कारण पट्टा ताणला जात नाही आणि घसरत नाही असं आपण धरलं आहे.

गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत जाऊन बघा. मोटर मिनिटाला १४४० फेरे मारते. मोटरवर ४ इंची पुली आणि गिरणीवर ८ इंची. मोटरच्या पुलीची त्रिज्या ०.०५०८ मीटर आणि ओमेगा १५०.८, म्हणून पट्ट्याचा वेग सेकंदाला ७.६६ मीटर. मोठ्या पुलीच्या कडेलाही हाच वेग. तिची त्रिज्या दुप्पट म्हणून फेरे निम्मे, ७२०. दातांच्या चक्रांना आणि सायकलच्या साखळीला हाच हिशेब.

एक इशारा. दुकानात, वर्कशॉपमध्ये सगळं 'डाय'मध्ये बोलतात, म्हणजे व्यासात. '४ इंची' म्हणजे व्यास. सूत्राला त्रिज्या लागते. गुणोत्तर काढताना फरक पडत नाही, पण वेग काढताना उत्तर थेट दुप्पट येतं. पेपरात गेलेल्या गुणांतले कितीतरी या एका घाईने गेलेले मी पाहिलेत.

लेथवर 'स्पीड' म्हणजे नेमका कुठला?

माझे काका बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर (धातू फिरवत कापणाऱ्या यंत्रावर) होते. त्यांच्या तोंडी 'स्पीड' म्हणजे चकाचे (कापायचा तुकडा पकडून फिरवणाऱ्या भागाचे) मिनिटाला फेरे, आणि टूलच्या टोकाखालून धातू किती वेगाने सरकतो तो 'कटिंग स्पीड'. पहिला कोनीय, दुसरा स्पर्शरेषीय. दोन्हीला एकच शब्द असल्यामुळे आयटीआयची पोरंही गोंधळतात.

टूलला चकाच्या फेऱ्यांशी देणंघेणं नसतं. त्याला फक्त धातू किती वेगाने समोर येतो ते कळतं, कारण उष्णता त्यावरून तयार होते. हायस्पीड स्टीलच्या टूलने माइल्ड स्टील कापताना मिनिटाला ३० मीटरच्या आसपास वेग धरतात. जॉबचा, म्हणजे कापायच्या तुकड्याचा, व्यास ५० मिलिमीटर असेल तर

फेरे = १००० × ३० ÷ (पाय × ५०) = सुमारे १९१

हाच जॉब २५ मिलिमीटरचा असता तर ३८२ फेरे लागले असते. व्यास निम्मा, फेरे दुप्पट. सूत्रातला १००० फक्त मिलिमीटरचे मीटर करतो. बाकी सूत्र म्हणजे आपलं वेग = त्रिज्या × ओमेगा, कारखान्याच्या वेशात.

खरी गंमत फेसिंगमध्ये, म्हणजे जॉबचं तोंड सपाट करताना, दिसते. टूल कडेकडून मध्याकडे चाललं आहे आणि फेरे १९१ वरच ठेवलेत. कडेला वेग ३० मीटर. व्यास १० मिलिमीटर राहिला तिथे फक्त ६. मध्यावर शून्य. म्हणून फेस कडेला चकचकीत आणि मध्याकडे खरखरीत, ओरबाडल्यासारखा निघतो. मध्यावर बारीक टोक शिल्लक राहतं ते मात्र टूलची उंची सेंटरला नसल्यामुळे, त्याचा दोष वेगावर घालू नका. सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मशिनवर जी-९६ ही आज्ञा दिली की टूल आत येईल तसे फेरे आपोआप वाढतात आणि कटिंग स्पीड कायम राहतो. मध्याशी त्रिज्या शून्याकडे जाते, म्हणजे फेरे अनंताकडे जायला लागतील. म्हणूनच प्रोग्रॅममध्ये कमाल फेऱ्यांची मर्यादा आधी घालावी लागते. काका हे हाताने करायचे. दोन-तीन टप्प्यांत लिव्हर बदलायचे आणि आवाजावरून ठरवायचे.

शहापूर-वडगावला मागासाठी कांडी (सूत गुंडाळायची नळी) भरताना सूत ताणलं जाऊन तुटतं, त्याचा याच्याशी संबंध आहे का?

असू शकतो. कांडी ठरावीक फेऱ्यांनी फिरत असेल तर सूत चढत जाईल तशी तिची त्रिज्या वाढते आणि सूत ओढलं जाण्याचा वेगही वाढतो. रिकाम्या कांडीवर ठीक चाललेलं सूत भरत आलेल्या कांडीवर जास्त ओढलं जातं. ज्या यंत्रात बॉबिनच्या पोटाला घासून फिरणारा ड्रम तिला फिरवतो, तिथे कडेचा वेग ड्रमने बांधलेला असतो. बॉबिन जाड होईल तशी ती सावकाश फिरते आणि सुताचा वेग तोच राहतो.

कोनीय त्वरण शून्य असेल तर त्वरण शून्यच ना?

नाही. या धड्यातली सगळ्यात महागडी चूक हीच, म्हणून इथे थांबून वाचा.

वर्तुळात फिरणाऱ्या बिंदूला दोन त्वरणं असू शकतात. एक स्पर्शरेषीय, म्हणजे त्रिज्या × अल्फा. ते वेगाचा आकडा वाढवतं किंवा कमी करतं, आणि त्याची दिशा मार्गालाच चिकटून असते. दुसरं अभिकेंद्री, म्हणजे ओमेगाचा वर्ग × त्रिज्या. ते वेगाची दिशा वळवतं आणि नेहमी मध्याकडे असतं. अल्फा शून्य झाला तर पहिलंच मरतं. दुसरं वस्तू फिरते आहे तोवर जिवंत असतं.

दोन्ही किती वेगळ्या आकाराची असतात ते आपल्या पंख्यावर बघू. वीज गेली आणि पंखा ४० सेकंदांत एकसारखा मंदावत थांबला असं धरू. अल्फाचं मूल्य ३६.६५ ÷ ४० = ०.९१६. टोकावरचं स्पर्शरेषीय त्वरण त्याला ०.६ ने गुणून ०.५५ मीटर प्रति सेकंद वर्ग. आता अभिकेंद्री, वीज जाण्याच्या क्षणाचं: ३६.६५ चा वर्ग × ०.६ = सुमारे ८०६ मीटर प्रति सेकंद वर्ग. गुरुत्वीय त्वरणाच्या ८२ पट! पातं मोटरला धरून ठेवणारे स्क्रू घट्ट का लागतात, ते या आकड्यावरून कळेल.

एकूण त्वरण विचारलं तर दोघं काटकोनात आहेत, म्हणून पायथागोरस. नुसती बेरीज करू नका. थांबेपर्यंत पंखा किती फिरला? सरासरी ओमेगा १८.३, वेळ ४० सेकंद, म्हणून ७३३ रेडियन, सुमारे ११७ फेरे. अल्फा स्थिर असेल तर नववीतली गतीची समीकरणं जशीच्या तशी चालतात, फक्त अंतराच्या जागी कोन लिहायचा. अल्फा बदलता असेल तर चालत नाहीत.

जमिनीला टेकलेला चाकाचा बिंदू थांबलेला असतो, हे कसं पटायचं?

पावसाळ्यात खानापूरकडच्या लाल मातीतून एसटी गेल्यावर मागचा माग बघा. टायरची नक्षी साच्यातून काढल्यासारखी उमटलेली असते. टेकलेला बिंदू घसरत असता तर ती पुसली गेली असती. ब्रेक दाबून चाक अडलं की नेमकं तसंच होतं आणि नक्षीच्या जागी लांब पट्टा राहतो.

हिशेब असा. निपाणीच्या हायवेवर बस ताशी ६० ने चालली आहे, चाकाची त्रिज्या साधारण अर्धा मीटर. वेग १६.७ मीटर, म्हणून ओमेगा ३३.३, म्हणजे मिनिटाला जवळपास ३१८ फेरे. चाकाचा आस ६० ने पुढे. टेकलेल्या बिंदूला फिरण्यामुळे ६० मागे आणि बसबरोबर ६० पुढे, बाकी शून्य. वरच्या बिंदूचे दोन्ही पुढे, म्हणून १२०. पण घसरण नसेल तरच गाडीचा वेग = त्रिज्या × ओमेगा. चिखलात रुतलेल्या ट्रॉलीचं चाक गरगरतं आणि ट्रॉली जागची हलत नाही, तिथे हे समीकरण लावू नका.

मोठे टायर घातले की स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो, तेही यातूनच. तो फेरे मोजतो आणि त्रिज्या जुनीच धरतो. त्रिज्या ५ टक्के वाढली तर काटा ६० वर असताना गाडी ६३ ने धावत असते.

चोर्ल्याच्या घाटात वळताना बसची दोन्ही मागची चाकं सारखी फिरतात का?

नाही. वळणावर अख्खी बस एक दृढ वस्तू म्हणून वळणाच्या मध्याभोवती फिरते. आतलं चाक मध्यापासून ९.१ मीटर आणि बाहेरचं १०.९ मीटरवर असेल, तर बाहेरच्याला सुमारे १.२ पट अंतर तोडायचं असतं. चाकं एकाच आकाराची, म्हणून बाहेरचं तेवढंच जास्त फिरतं. ते शक्य व्हावं म्हणून मागच्या आसात डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारी दातेरी चक्रांची जोडणी, असते.

बैलाच्या चरकात दोन जनावरं एवढा ऊस कशी पिळायची?

इंजिन येण्याआधीच्या गुऱ्हाळात बैल ४ मीटर त्रिज्येच्या रिंगणात चालतो, फेऱ्याला ३० सेकंद. वेग सेकंदाला ०.८४ मीटर, आरामाची चाल. ज्या लाटेला (ऊस दाबणाऱ्या रुळाला) त्याचा आडवा दांडा जोडलेला असतो तिची त्रिज्या १५ सेंटिमीटर. कोनीय वेग दोघांचा एकच, म्हणून लाटेच्या कडेचा वेग सेकंदाला फक्त ३ सेंटिमीटर. वेग जवळपास २७ पट कमी झाला. घर्षण सोडलं तर कडेचं बल तेवढंच पट वाढतं, कारण केलेलं काम दोन्हीकडे सारखं असायला हवं. ऊस सावकाश आत जातो आणि चोथा होऊन बाहेर पडतो.

दिशेचं काय? ओमेगा वरच्या बाजूला दाखवतात, तिकडे तर काहीच जात नाही.

उजव्या हाताची बोटं फिरण्याच्या दिशेने वळवा, अंगठा ओमेगाची दिशा दाखवतो. तिकडे काही जात नाही, हे बरोबरच आहे. फिरण्याचा आस कुठला आणि फेरा कुठल्या बाजूने, या दोन गोष्टी एका बाणात सांगायची ती सोय आहे. वेग काढायच्या सदिश गुणाकारात (क्रॉस प्रॉडक्टमध्ये) ओमेगा आधी आणि त्रिज्या नंतर. क्रम उलटला तर वेग उलट्या बाजूला येतो.

त्रिज्या कुठून मोजायची? मध्यबिंदूपासून ना?

फिरण्याच्या आसापासून, लंब अंतराने. चपट्या चाकात दोन्ही एकच, म्हणून चूक लपते. पृथ्वीवर उघडी पडते. पृथ्वीचा ओमेगा सेकंदाला ०.००००७२९ रेडियन, विषुववृत्तावरची त्रिज्या ६३७८ किलोमीटर, तिथला वेग सेकंदाला ४६५ मीटर. बेळगाव सुमारे १५.८५ अंश उत्तरेला. आपण पृथ्वीच्या मध्यापासून साधारण तेवढेच लांब असलो तरी तिच्या आसापासून थोडे जवळ आहोत, म्हणून ४६५ ला त्या कोनाच्या कोसाइनने गुणायचं. येतात सेकंदाला सुमारे ४४७ मीटर. बेंगळुरू १२.९७ अंशावर, तिथे ४५३. फरक ताशी वीस-एकवीस किलोमीटरचा, आणि सूर्योदय ते सूर्योदय दोन्हीकडे तेच २४ तास.

धातू कापायच्या ग्राइंडरवर मोठी डिस्क बसवली तर काम लवकर होतं, मग का नको म्हणता?

डिस्कमधून उडणाऱ्या ठिणग्या बघा. त्या मध्यातून बाहेर सरळ निघत नाहीत, कडेला स्पर्शिकेच्या दिशेने निघतात. सुटलेला कण त्या क्षणी ज्या दिशेने चालला होता तिकडेच जातो. डिस्क फुटली तर तिचे तुकडेही असेच निघतील.

१०० मिलिमीटरचा छोटा ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेरे मारतो. कडेचा वेग सेकंदाला ५७.६ मीटर. कापायच्या डिस्कवर कमाल ८० मीटर प्रति सेकंद असं छापलेलं असतं, म्हणजे इथे जागा शिल्लक आहे. आता गार्ड (डिस्कवरचं संरक्षक झाकण) काढून त्याच ग्राइंडरवर १८० मिलिमीटरची डिस्क चढवली. फेरे तेच, त्रिज्या १.८ पट. कडेचा वेग १०३ च्या पुढे. आणि डिस्कला फाडू पाहणारा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणून १८० मिलिमीटरच्या डिस्कवर कमाल ८५०० फेरे असंच लिहिलेलं सापडेल. ८५०० ने हिशेब करून बघा, बरोबर ८० मीटर येतात.

माझ्या ओळखीच्या एका मुलाच्या डोळ्याखाली असा तुकडा लागला. डोळा थोडक्यात वाचला. त्याला वेगाचं सूत्र येत होतं, पेपरात त्याने ते बरोबर लिहिलंही होतं. म्हणून आता हा धडा शिकवताना मी वर्गात एक डिस्क आणि एक ग्राइंडर घेऊन जातो आणि प्रत्येकाला दोन्हीवरचे आकडे मोठ्याने वाचायला लावतो. डिस्कवर छापलेले फेरे ग्राइंडरवर छापलेल्या फेऱ्यांएवढे किंवा त्याहून जास्त असतील तरच ती चढवायची, आणि गार्ड काढायचा नाही.